नोकरी शोधताय? ऑफिसात कोणाला, कधी आणि किती सांगावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्या, बीकेसीतल्या बँका, चाकण-रांजणगावचे कारखाने, खासगी शाळा, सरकारी कार्यालयं अशा सगळीकडून एकच प्रश्न येत राहतो: मी बाहेर बघतोय हे ऑफिसात सांगू की नको? आमचं उत्तर ठाम आहे. लेखी ऑफर स्वीकारेपर्यंत ऑफिसात कोणालाही सांगू नका, आणि स्वीकारली की सगळ्यात आधी बॉसला सांगा. या नियमाला काही खरे अपवाद आहेत. ते प्रश्न ११ पासून पुढे आहेत. नोटीस, बॉन्ड, बोनस यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या नेमणूकपत्राचा असतो, म्हणून पुढे वाचण्याआधी ते शोधून जवळ ठेवा.

१. दुसरी नोकरी शोधतोय हे बॉसला सांगायला मी बांधील आहे का? लपवणं म्हणजे फसवणूक नाही का?

बांधील नाही. खासगी नोकरीत कंपनीला पूर्वसूचना मिळावी म्हणूनच करारात नोटीसचा कालावधी घातलेला असतो. तो तुम्ही पाळलात की तुमची जबाबदारी पूर्ण झाली. शोध हा तुमचा खासगी व्यवहार आहे आणि बऱ्याचदा त्यातून काही निष्पन्नही होत नाही. फसवणूक वेगळी असते. कंपनीच्या वेळात, कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीची माहिती वापरून शोध घेणं, किंवा थेट विचारल्यावर सरळ खोटं बोलणं, ही फसवणूक (प्रश्न ५). सरकारी नोकरीत मात्र कळवणं हा सेवाशर्तींचाच भाग असतो, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. मग नेमकं कधी सांगायचं?

खालील गोष्टी झाल्यावरच, आणि याच क्रमाने:

- नव्या कंपनीचं लेखी ऑफर लेटर आलं आहे. एचआरचा फोन, ‘यू आर सिलेक्टेड’ असा व्हॉट्सॲप मेसेज किंवा लेटर ऑफ इंटेंट म्हणजे ऑफर नव्हे.
- त्यात पद, कामाचं ठिकाण, सीटीसीची, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या वार्षिक एकूण खर्चाची, फोड (बेसिक म्हणजे मूळ पगार, कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल भाग, जॉइनिंग बोनस) आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेली आहे.
- ऑफर कशावर अवलंबून आहे ते तुम्ही वाचलं आहे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, मेडिकल, क्लायंटची मंजुरी या सर्वसाधारण अटी असतात. यातली क्लायंटच्या मंजुरीची अट सगळ्यात धोक्याची. मंजुरी आली असल्याचं एचआरकडून मेलवर घ्या, मगच पुढचं पाऊल टाका.
- तुम्ही ऑफर लेखी स्वीकारली आहे आणि तिची पोच तुमच्या खासगी मेलवर आहे.

एवढं झालं की एक-दोन दिवसांत बॉसला प्रत्यक्ष भेटून सांगा. रेंगाळू नका. नव्या कंपनीच्या रुजू तारखेचं गणित तुमच्या राजीनाम्याच्या दिवसापासून सुरू होतं, आणि बातमी फुटण्याचा संभव याच दिवसांत सर्वाधिक असतो.

३. टीममधल्या एका जवळच्या मित्राला तरी सांगावं की नाही? तो कोणाला बोलणार नाही.

नको. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. तुम्ही सांगितलंत की एक ओझं त्याच्या डोक्यावर जातं. पुढच्या तिमाहीच्या नियोजनात मॅनेजरने त्याला विचारलं की ‘हे मॉड्यूल याच्याकडे द्यायचं का?’, तर त्याने काय उत्तर द्यायचं? गप्प राहिला तर उद्या ते काम त्याच्याच गळ्यात पडणार, बोलला तर तुमचा विश्वास मोडणार. चहाच्या टपरीवर किंवा कंपनीच्या बसमध्ये बातमी फुटते ती बहुतेक वेळा अशीच, कुणाच्या वाईट हेतूशिवाय.

आणखी एक कारण असतं. तुम्ही दोघं एकाच बढतीच्या किंवा ऑनसाइटच्या रांगेत असाल, तर तुमचं जाणं ही त्याच्यासाठी कामाची माहिती ठरते. मित्राला अशा पेचात टाकू नये.

सल्ला हवाच असेल तर तीच कंपनी आधी सोडून गेलेल्या सहकाऱ्याला विचारा. त्याला आतलं सगळं माहीत असतं आणि तुमच्या मॅनेजरशी त्याचा रोजचा संबंध नसतो. मित्रच तुम्हाला नव्या कंपनीत रेफर करत असेल तर प्रश्न वेगळा. तिथे त्याला सांगण्यावाचून गत्यंतर नसतं, फक्त रेफरलचा मेल ऑफिसच्या आयडीवरून जाणार नाही एवढं त्याला बजावा.

४. बॉसला आधी कळलंच, तर प्रत्यक्षात काय बिघडतं? काढून तर टाकत नाहीत ना?

केवळ शोध घेतला म्हणून सहसा कोणी काढत नाही. नुकसान हळू होतं आणि लेखी कुठेच दिसत नाही. अप्रेझलच्या बैठकीत रेटिंग ठरलेल्या टक्क्यांत बसवायची असतात. कोणाला तरी खाली ढकलणं भाग असतं, आणि ‘हा जाणारच आहे’ हे तिथे सगळ्यात सोपं कारण होतं. नवा प्रोजेक्ट, कंपनीच्या खर्चाचं सर्टिफिकेशन, व्हिसाचं नामांकन, सगळं दुसऱ्याकडे वळतं. शोध सहा-आठ महिने लांबला तर हा सगळा काळ असाच जातो.

पैशांच्या बाबतीत पॉलिसीतली दोन वाक्यं शोधा. पहिलं: व्हेरिएबल किंवा वार्षिक बोनस मिळण्यासाठी पैसे देण्याच्या तारखेला कर्मचारी ‘रोलवर असला पाहिजे’ का? दुसरं: ‘नोटीसवर नसला पाहिजे’ असंही लिहिलंय का? दुसरं वाक्य असेल तर राजीनामा बोनस खात्यात जमा झाल्यावरच द्या. त्यासाठी ऑफरची वाटाघाटी दोन-तीन आठवडे पुढे नेणं शक्य असतं. ग्रॅच्युइटीचं (दीर्घ सेवेनंतर सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं) वेळापत्रक वेगळं आहे, ते प्रश्न १७ मध्ये.

५. बॉसने थेट विचारलं, ‘बाहेर बघतोयस का?’, तर काय बोलू?

सरळ ‘नाही’ म्हणू नका. पंधरा दिवसांनी पेपर टाकलात, म्हणजे राजीनामा दिलात, की तो खोटेपणा लक्षात राहतो, आणि पुढे रेफरन्स द्यायची वेळ येते तेव्हा आठवतो. ‘हो’ म्हणण्याचीही सक्ती नाही. खरं असेल एवढंच बोला:

‘सर, बाजारात काय चाललंय त्यावर सगळ्यांचंच लक्ष असतं. सांगण्यासारखं काही ठरलं तर पहिलं तुम्हालाच सांगेन.’

बॉसशी संबंध चांगले असतील तर हा प्रश्न म्हणजे संधीही असते. शोधाबद्दल न बोलता शोधामागचं कारण बोला: ‘दोन वर्षं सपोर्टलाच आहे, डेव्हलपमेंटचं काम कधी मिळेल?’ किंवा ‘माझा पगार माझ्या बॅचपेक्षा मागे राहिलाय.’ कारण दूर झालं तर शोधाची गरजच उरत नाही. फक्त ‘नाहीतर मी जातो’ अशी धमकी जोडू नका, कारण ती दिली की कबुलीच दिल्यासारखं होतं.

६. नौकरी आणि लिंक्डइनवरून आमच्या एचआरला कळू नये म्हणून काय करू?

नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ठरावीक कंपन्यांना ब्लॉक करण्याची सोय आहे. सध्याच्या कंपनीचं नाव टाका, आणि ग्रुपमधल्या इतर कंपन्या वेगळ्या नावाने नोंदलेल्या असतात त्यांचीही नावं टाका. बरेच जण हे दुसरं विसरतात. तुमची कंपनी भरतीसाठी बाहेरची एजन्सी वापरत असेल तर त्या एजन्सीला प्रोफाइल दिसू शकतं. त्यावर पक्का उपाय नाही. सीव्हीच्या फाइलच्या नावात ‘अपडेटेड’ आणि तारीख घालू नका, एवढं नक्की.

लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ दोन प्रकारे लावता येतं. सगळ्यांना दिसणारी हिरवी चौकट नोकरीत असताना लावू नका. ‘फक्त रिक्रूटर्सना’ हा पर्याय निवडला तर लिंक्डइन तुमच्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून तो दडवायचा प्रयत्न करतं, पण संपूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं. प्रोफाइलमध्ये मोठे बदल करण्याआधी ‘नेटवर्कला कळवा’ हे बटण बंद करा. एका संध्याकाळी फोटो, हेडलाइन आणि दहा स्किल्स बदलल्या की टीममध्ये कुजबुज होते. बदल महिनाभरात थोडे-थोडे करा.

फोन नंबर आणि मेल खासगीच द्या. कंपनीच्या लॅपटॉपवरून आणि वाय-फायवरून जॉब पोर्टल उघडू नका, कारण तिथल्या हालचाली आयटी विभागाला पाहता येतात. सीव्हीची प्रिंट ऑफिसच्या प्रिंटरवर काढणं तर अजिबातच नको.

७. मुलाखतीसाठी सुट्टी कोणत्या कारणाने टाकू?

कारण ‘वैयक्तिक काम’, बस. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडू नका, ते उघडकीस आलं तर तो शिस्तभंग होतो आणि सगळा डाव उलटतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. ती एका-एका दिवसाने न संपवता अर्ध्या दिवसांत वापरा.

पहिल्या फेऱ्या हल्ली बहुतेक व्हिडिओवर होतात. सकाळी ९ च्या आधीची किंवा संध्याकाळी ७ नंतरची वेळ मागा. ‘सध्या नोकरीत आहे’ एवढं कारण रिक्रूटरला पटतं. प्रत्यक्ष फेऱ्या असतील तर दोन-तीन एकाच दिवशी लावायची विनंती करा. घरून कामाचा दिवस असेल तर मीटिंग नसलेली वेळ निवडा आणि त्या तासाची भरपाई त्याच दिवशी करा.

८. माझी नोटीस ९० दिवसांची आहे, पण नवी कंपनी ३० दिवसांत हवं म्हणते. म्हणून बॉसला आधीच सांगून ठेवावं का? की ऑफर नसताना पेपर टाकावा?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

आधी सांगून ठेवल्याने नोटीस कमी होत नाही. ती मोजली जाते लेखी राजीनाम्यापासून. चार महिने आधी तोंडी सांगितलंत तरी राजीनाम्यानंतर पुरते ९० दिवस भरायला लावू शकतात.

ऑफरविना पेपर टाकण्याचं कारण वेगळं असतं. ‘नोटीसवर आहे’ म्हटलं की रिक्रूटर लवकर फोन करतात, हे खरं आहे. पण घड्याळ तुमच्याविरुद्ध चालू होतं, आणि साठाव्या दिवशी हातात काही नसेल तर मिळेल त्या पगारावर हो म्हणावं लागतं. घराचा हप्ता चालू असेल आणि किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर हे करू नका.

त्याऐवजी हे करून बघा:

- पहिल्याच फेरीत नोटीसचा खरा आकडा सांगा. शेवटी सांगितलात तर ऑफर मोडते. मोठ्या कंपन्या ६० ते ९० दिवस थांबतात, घाई बहुतेक वेळा मधल्या एजन्सीला असते.
- नेमणूकपत्रातलं बाय-आउटचं वाक्य वाचा. नोटीसऐवजी पैसे भरण्याचा हक्क तुम्हाला आहे की ते ‘कंपनीच्या मर्जीने’ आहे? बऱ्याच ठिकाणी दुसरं असतं. मग पैसे द्यायची तयारी दाखवली तरी कंपनी नकार देऊ शकते.
- रक्कम बेसिकवर आहे की ग्रॉसवर ते पाहा. समजा बेसिक ४०,००० आणि ग्रॉस १,००,००० आहे आणि ४५ दिवस कमी भरायचे आहेत. बेसिकवर ६०,००० रुपये जातील, ग्रॉसवर १,५०,०००.
- वसुलीवर कोणी १८ टक्के जीएसटी लावला तर ३ ऑगस्ट २०२२ चं जीएसटी परिपत्रक दाखवा. नोटीसपोटीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही असं त्यात स्पष्ट केलंय.
- नवी कंपनी बाय-आउट भरून देत असेल तर ती रक्कम सहसा पगारात धरून त्यावर कर कापला जातो. वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याची अट आहे का, तेही बघा.

‘९० दिवस’ आणि ‘३ महिने’ एकच नव्हेत. १ जुलैपासून ३ महिने म्हणजे ९२ दिवस. नव्या कंपनीला तारीख देताना हे दोन दिवस नडतात.

बाय-आउटला नकार मिळाला म्हणून येणंच बंद करू नका. फाइलवर ‘ॲबस्कॉन्डिंग’ (न कळवता निघून गेलेला) असा शेरा लागतो, रिलीव्हिंग लेटर म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र अडकतं आणि ते पुढच्या प्रत्येक पडताळणीत समोर येतं.

९. नवी कंपनी रेफरन्स मागते. चालू बॉसचं नाव द्यावं का?

ऑफर हातात येईपर्यंत देऊ नका. आधीच्या कंपनीतला मॅनेजर, कंपनी सोडून गेलेला सिनियर किंवा परवानगी घेऊन एखादा क्लायंट, ही नावं चालतात. ज्याचं नाव देताय त्याला आधी फोन करून कल्पना द्या.

व्हेरिफिकेशन एजन्सीच्या फॉर्ममध्ये ‘सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू नये’ असा पर्याय असतो. तो न चुकता निवडा आणि रिक्रूटरला मेलवरही लिहून कळवा. हा चौकोन रिकामा राहिला की एजन्सीचा मेल थेट तुमच्या एचआरला जातो. चालू नोकरीची पडताळणी रिलीव्हिंग लेटरवरून, रुजू झाल्यानंतर करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पगाराच्या पुराव्यासाठी तीन पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं.

१०. बॉसला प्रत्यक्ष सांगताना नेमकं काय बोलायचं? आणि त्याआधी काय काय उरकायचं?

सांगण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुमची स्वतःची कागदपत्रं खासगी मेलवर घ्या: नेमणूकपत्र, सगळी वेतनवाढीची पत्रं, पगारपत्रकं, फॉर्म १६, मेडिक्लेमचं कार्ड. काही कंपन्यांत राजीनामा नोंदवताच पोर्टलचे काही भाग बंद होतात. ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएनला (तुमच्या पीएफ खात्याच्या क्रमांकाला) तुमचा चालू मोबाइल आणि आधार जोडलेला आहे ना, तेही तपासा. कंपनीचा कोड, क्लायंटच्या फाइल्स, डिझाइन, किंमतपत्रकं यांतलं एकही पान घेऊ नका. राजीनाम्याच्या आधीचे डाउनलोड पुढे तपासले जातात आणि खरी कायदेशीर अडचण तिथूनच सुरू होते.

भेट दहा मिनिटांची असावी. ‘सर, मी दुसरीकडची ऑफर स्वीकारली आहे. आज राजीनाम्याचा मेल पाठवतोय, पण आधी तुम्हाला सांगायचं होतं.’ ‘स्वीकारली आहे’ हे शब्द महत्त्वाचे. ‘विचार करतोय’ म्हटलं की वाटाघाटी सुरू होते. तक्रारींची यादी वाचू नका. हँडओव्हर कसा करणार हे दोन वाक्यांत सांगा.

मेल त्याच दिवशी बॉस आणि एचआर दोघांना पाठवा. पदाचा राजीनामा, नोटीसचे दिवस आणि त्यानुसार येणारी शेवटची तारीख, एवढंच लिहा. खासगी मेलला बीसीसी चालत असेल तर करा, पॉलिसीत मनाई असेल तर मेलचा फोटो ठेवा. पोर्टलवर वेगळी नोंद लागत असेल तर तीही त्याच दिवशी करा, कारण काही ठिकाणी नोटीस त्या नोंदीपासून मोजतात.

बॉसने पगार वाढवून थांबायला सांगितलं तर एकच कसोटी लावा. तुम्ही शोध सुरू केला होता ते कारण पगार होतं का? काम, वरिष्ठ किंवा शहर हे कारण असेल तर वाढीव पगाराने ते बदलत नाही. पगारच असेल तर नवा आकडा लेखी, आणि पुढच्या अप्रेझलपासून नव्हे तर चालू महिन्यापासून मागा. थांबायचं ठरलंच, तर नव्या कंपनीला त्याच दिवशी कळवा. तिथे कोणीतरी तुमच्या जागेसाठी थांबलेलं असतं.

११. मला कंपनी नाही सोडायची, त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये जायचंय. तरी लपवू का?

इथे नियम उलटा. अंतर्गत बदलीत तुमच्या मॅनेजरची मंजुरी बहुधा लागतेच, आणि दुसऱ्या मॅनेजरकडून त्याला कळलं तर तो दुखावतो. पॉलिसीत दोन गोष्टी बघा: सध्याच्या टीममध्ये किमान किती काळ झालेला असावा, आणि मॅनेजरला अर्ज करतानाच कळतं की निवड झाल्यावर. अर्ज करतानाच कळत असेल तर अर्जाआधी स्वतः सांगा. पुण्यातून नागपूरला किंवा गावाजवळच्या शाखेत घरगुती कारणाने बदली हवी असेल तर कारणासह मोकळेपणाने सांगा.

१२. आमची कंपनी दहा माणसांची आहे, मालकच बॉस. त्यांना आधी सांगितलं नाही तर अन्याय होईल असं वाटतं.

ही भावना रास्त आहे. सीए-वकिलांची ऑफिसं, लहान वर्कशॉप, दवाखाने अशा ठिकाणी एक माणूस गेला की काम अडतं. तरीही लेखी ऑफर येईपर्यंत थांबाच, कारण इथे तुमचा पगार एका माणसाच्या मनःस्थितीवर अवलंबून आहे. भरपाई दुसऱ्या बाजूने करा. करारात ३० दिवस असतील तर नव्या कंपनीकडून ४५ ते ६० दिवस मागून घ्या, हाताखालच्याला शिकवा, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड, पुरवठादारांचे नंबर, मशीनच्या सेटिंग्ज लिहून द्या. सीए ऑफिसात असाल तर जुलै किंवा सप्टेंबरच्या मुदती तोंडावर असताना जाऊ नका.

१३. माझ्यावर बॉन्ड आहे आणि ‘स्पर्धक कंपनीत दोन वर्षं जाणार नाही’ असंही लिहून दिलंय. कुठे जातोय हे सांगितलं तर कोर्टात खेचतील का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर स्पर्धकाकडे जाऊ नये ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. नोकरीत असताना स्पर्धकाचं काम करू नये ही अट मात्र टिकते, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ पासून ती मान्य केलेली आहे. गोपनीयतेची अट नोकरी सोडल्यावरही लागू राहते.

ठरावीक काळ सेवा न केल्यास रक्कम भरण्याचा बॉन्ड वेगळा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं सेवा किंवा २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. म्हणजे ‘बॉन्डला काही अर्थ नसतो’ हे ऐकीव वाक्य धरून चालू नका. रकमेचा प्रशिक्षण-भरतीच्या खर्चाशी संबंध आहे का, हे पाहिलं जातं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली असतील तर ती लेखी मागा.

नव्या कंपनीचं नाव सांगण्याची सर्वसाधारण सक्ती नसते. करारात तशी अट असेल तर सांगा. नसेल तर ‘रुजू झाल्यावर कळवतो’ म्हणणं चालतं.

१४. मी खासगी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलं तर पुरे का?

पुरे नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियम, १९७७ च्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची रीत ठरवून दिली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत संस्थेच्या व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टाने, दुसरी स्वतःजवळ. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एका महिन्याची नोटीस द्यावी लागते. पोस्टाची पावती जपून ठेवा. तारीख न घालता सही केलेला राजीनामा कोणी ‘असू दे फाइलला’ म्हणून मागितला तर देऊ नका.

१५. सरकारी नोकरीत आहे, एमपीएससीचा दुसऱ्या पदासाठी अर्ज करायचाय. साहेबांना कळू न देता करता येईल का?

करू नका. इथे कळवणं हाच सुरक्षित मार्ग. कार्यालयाची परवानगी किंवा ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्ज केला असेल, तर नव्या सरकारी पदावर जाताना आधीची सेवा जोडून मिळण्याचा मार्ग खुला राहतो. न कळवता साधा राजीनामा देऊन गेलात तर आधीची सेवा पेन्शनसाठी गमावण्याचा धोका असतो. अर्जाची प्रत आवक क्रमांकासह ठेवा. वरिष्ठ अर्ज दाबून ठेवत असतील तर स्मरणपत्रही आवक-जावकमध्ये नोंदवूनच द्या.

१६. मी गरोदर आहे आणि ऑफरही आली आहे. जुन्या आणि नव्या बॉसपैकी कोणाला काय सांगू?

आधी हिशोब करा, मग बोला. पगारी प्रसूती रजेसाठी अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी घेता येतात. नव्या नोकरीत प्रसूतीआधी ८० दिवस भरत नसतील, तर बदल करण्यात कायद्याने मिळणारी पगारी रजा हातची जाते. अशा वेळी जुन्याच नोकरीत रजा घेऊन नंतर बदलणं शहाणपणाचं. दिवस भरत असतील तर मुलाखतीत गरोदरपण सांगण्याची सक्ती नाही. ऑफर स्वीकारल्यावर आणि रुजू होण्याआधी सांगितलंत तर कामाची आखणी दोघांनाही सोपी जाते.

१७. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरलेत. ग्रॅच्युइटी बुडेल म्हणून थांबू का?

बहुतेक वेळा थांबायची गरज नसते, कारण नोटीसचा काळ सेवेतच धरला जातो. ९० दिवसांची नोटीस असेल तर आज राजीनामा देऊनही पाच वर्षं भरतात. फक्त कंपनीने लवकर सोडलं तर ती पाच वर्षं भरत नाहीत. म्हणून मेलमध्ये शेवटची तारीख स्पष्ट लिहा आणि स्वतःहून लवकर सुटका मागू नका.

हिशोब असा: शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षं. ४०,००० रुपयांवर पाच वर्षांचे सुमारे १,१५,३८५ रुपये होतात. ४ वर्षं २४० दिवसही पुरतात असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, पण प्रत्येक कंपनी ते मान्य करत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाच्या सेवेवर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे.

१८. अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे. बॉसला कळलं आणि त्याने काढलं तर?

इथे गुप्तता भारतापेक्षाही महत्त्वाची, कारण नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. नव्या कंपनीने अर्ज दाखल केल्यावर तिथे काम सुरू करण्याची मुभा आहे, पण मंजुरी येईपर्यंत राजीनामा थांबवणं आणि त्यासाठी प्रीमियम प्रोसेसिंग (जादा शुल्क भरून लवकर निर्णय) मागणं अधिक सुरक्षित. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी सहसा त्याच्या आधारावर एच-१बी वाढवून मिळतो. १८० व्या दिवसाच्या तोंडावर असाल तर तेवढं थांबा.

१९. सगळ्यांना सांगून झालं आणि नव्या कंपनीने ऑफर मागे घेतली. आता?

त्याच दिवशी राजीनामा मागे घेत असल्याचा मेल बॉस आणि एचआरला पाठवा, आणि लगेच भेटा. शेवटच्या तारखेआधी लेखी मागे घेतल्याने तुमची बाजू भक्कम होते, पण खासगी कंपनीत ते मान्य करणं प्रत्यक्षात व्यवस्थापनाच्या हातात असतं. तुमच्या जागी माणूस घेतला नसेल तर शक्यता बरी असते. कारण खरं सांगा. नव्या कंपनीकडून ऑफर रद्द केल्याचा मेल मागून घ्या. नोटीसचे उरलेले दिवस वापरून दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीला फोन करा. याचसाठी शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या इतर कंपन्यांना ‘नको’ कळवताना सौजन्याने लिहावं आणि त्यांचे नंबर ठेवावेत.

२०. बाकीच्या टीमला आणि क्लायंटला कधी सांगू? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर चालेल?

बॉस आणि एचआरला कळल्यावर, बॉसला विचारून. बॉसला बहुधा आधी वरच्यांना सांगायचं असतं, त्यासाठी दोन-तीन दिवस द्या. क्लायंटला तुम्ही परस्पर सांगू नका, तो निरोप कंपनीचा असतो. प्रश्न ३ मधल्या त्या जवळच्या मित्राला मात्र ग्रुपवर यायच्या आधी, समोरासमोर सांगा. निरोपाचा मेल शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पाठवा. संध्याकाळी आयडी बंद होतो आणि खासगी नंबर कळवायचा राहून जातो.

हिशोबाबाबत एक लक्षात ठेवा. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन देण्याची तरतूद वेतन संहितेत आहे, तरी अनेक ठिकाणी पूर्ण हिशोबाला ३० ते ४५ दिवस लागतात. त्यामुळे जाण्याआधी एचआरकडून रक्कम आणि तारीख मेलवर घ्या. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाले तरी पीएफमध्ये सोडल्याची तारीख नोंदलेली नसेल, तर ती ईपीएफओच्या पोर्टलवर तुम्हाला स्वतःलाच भरता येते.